शास्ते : राजा नसलेल्या इस्राएलचे ईश्वरनियुक्त पुढारी

इंग्रजी बायबलमध्ये 'जजेस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथाला मराठी बायबलमध्ये 'शास्ते' असे नाव आहे, आणि मराठी अनुवादकांनी निवडलेला हा शब्द माझ्या मते मूळ अर्थाच्या अधिक जवळ जातो. न्यायाधीश म्हटले की आपल्यासमोर काळा डगला, साक्षीपुरावे आणि निकालपत्र उभे राहते. प्रत्यक्षात एकवीस अध्यायांच्या या ग्रंथात लोकांची भांडणे ऐकून निवाडा देताना एकच व्यक्ती दिसते आणि ती स्त्री आहे. बाकीच्यांमध्ये वस्त्राखाली तलवार लपवून राजाच्या भेटीला जाणारा एक डावखुरा आहे, शत्रूच्या भीतीने द्राक्षकुंडात लपून गहू झोडणारा एक शेतकरी आहे, भावांनी घराबाहेर काढल्यावर रिकामटेकड्यांची टोळी जमवून राहिलेला एक लढवय्या आहे, आणि एकही कायदा न पाळणारा एक अचाट बलवान आहे. या सर्वांना परमेश्वराने उभे केले असे ग्रंथ सांगतो. हे उभे करणे म्हणजे नेमके काय, आणि या माणसांकडून कोणते काम अपेक्षित होते, हे समजून घ्यायचे असेल तर आधी शब्दापासून सुरुवात करावी लागते.

मूळ हिब्रू शब्द 'शोफेट' असा आहे आणि त्याचे अनेकवचन 'शोफेटीम' होते. ज्या धातूपासून तो तयार झाला त्यात निवाडा करणे, कारभार पाहणे आणि बिघडलेली घडी पुन्हा नीट बसवणे हे तिन्ही अर्थ सामावलेले आहेत. शेजारच्या भाषांतही हीच व्याप्ती आढळते. फरात नदीकाठच्या मारी या प्राचीन नगरात सापडलेल्या इ.स.पू. अठराव्या शतकातील मातीच्या पाट्यांवर 'शापितुम' हा शब्द प्रांताचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यासाठी येतो, आणि उत्तर आफ्रिकेतील कार्थेजमध्ये दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांना रोमन लेखक 'सुफेत' म्हणत. संस्कृतातील 'शास्' या धातूतही शासन, शिक्षा आणि शिकवण हे अर्थ एकत्र नांदतात. 'शास्ता' हा शब्द म्हणूनच येथे चपखल बसतो.

एक बारकावा मात्र अनुवादात सहज निसटतो. ग्रंथाच्या प्रस्तावनेत 'शास्ते' हा शब्द सर्वांना मिळून वापरला असला, तरी पुढे एकाही वीराच्या नावापुढे ती पदवी लावलेली नाही. अमक्याने इस्राएलचा न्याय केला, असे केवळ क्रियापद येते. संपूर्ण ग्रंथात 'शास्ता' हे नाम एकदाच नेमकेपणाने एका व्यक्तीला लावले आहे. इफ्ताह नावाचा शास्ता शेजारच्या अम्मोनी लोकांच्या राजाला निरोप पाठवतो की, आज तुझ्या-माझ्यातला निवाडा शास्ता जो परमेश्वर तोच करील. ग्रंथाची सगळी राजनीती या एका वाक्यात आली आहे. खरा शास्ता परमेश्वर असून ज्यांना आपण शास्ते म्हणतो ती माणसे त्याच्या वतीने ठरावीक कामासाठी आणि ठरावीक काळासाठी पुढे आलेली आहेत. म्हणून त्यांना गादी मिळत नाही आणि बहुतेकांच्या बाबतीत वारसाचा प्रश्नही उद्भवत नाही.

ज्या काळाविषयी हा ग्रंथ बोलतो तो साधारणपणे इ.स.पू. १२०० ते १००० असा मानला जातो. मोशे आणि त्याच्यानंतर यहोशवा हे दोन्ही पुढारी गेले होते आणि बारा वंश कनान देशात आपापल्या वाट्याच्या भागांत विखुरले होते. त्यांना राजा नव्हता, राजधानी नव्हती, खडे सैन्य नव्हते आणि खजिनाही नव्हता. शिलो येथील पवित्रस्थान आणि एका देवाशी केलेला करार एवढेच त्यांना एकत्र धरून होते. सपाटीवरची तटबंदीची शहरे आणि रथ कनानी राजांच्या हाती होते, तर इस्राएली मुख्यतः डोंगराळ भागात राहत. बायबलबाहेरचा पुरावा या चित्राशी बऱ्याच अंशी जुळतो. इजिप्तचा राजा मर्नेप्ता याच्या विजयस्तंभावर, म्हणजे इ.स.पू. १२०८ च्या सुमारास, 'इस्राएल' हे नाव प्रथम येते आणि त्या नावापुढील चित्रलिपीतील खूण शहराची अथवा देशाची नसून लोकसमूहाची आहे. पुरातत्त्वज्ञांनी याच काळातील शेकडो छोट्या वस्त्या मध्यवर्ती डोंगररांगांत नोंदवल्या आहेत. त्यांत राजवाडे नाहीत आणि तटबंदीही क्वचितच आढळते. किनाऱ्यावर मात्र समुद्रमार्गे आलेले पलिष्टी गज्जा, अष्कलोन, अश्दोद, एक्रोन आणि गथ या पाच नगरांत संघटित होत होते, आणि पुढे इस्राएलला सर्वाधिक त्रास त्यांच्याकडूनच झाला.

दैनंदिन तंटेबखेडे कोण सोडवत असे, हा प्रश्न येथे स्वाभाविकपणे पडतो. त्यासाठी गावचे वडीलधारे होते. ते नगराच्या वेशीत बसत आणि जमीन, वारसा, मारहाण, विवाह यांविषयीचे निवाडे देत. मोशेच्या काळात त्याचा सासरा इथ्रो याने हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमावेत आणि केवळ अवघड प्रकरणे मोशेकडे यावीत असा सल्ला दिला होता, तो याच परंपरेत बसतो. मोठा शास्ता या नेहमीच्या व्यवस्थेचा भाग नव्हता. वेशीतल्या वडीलधाऱ्यांच्या आवाक्याबाहेरचे संकट आले, म्हणजे शेजारच्या राजाने खंडणी लादली किंवा पीक कापणीला आले असताना वाळवंटातल्या टोळ्या उंटांवरून उतरू लागल्या, की त्याची गरज भासे.

या संकटांना ग्रंथकार एका ठरलेल्या साच्यात बसवतो आणि तो साचा दुसऱ्या अध्यायातच वाचकाच्या हाती देतो. लोक परमेश्वराला सोडून बाल आणि अष्टारोथ या कनानी देवतांच्या मागे लागतात. परमेश्वर त्यांना शत्रूच्या हाती देतो. ते आक्रोश करतात. तो त्यांच्यासाठी सोडवणारा उभा करतो. देशाला काही वर्षे स्वस्थता मिळते. आणि शास्ता मरण पावताच लोक पुन्हा पूर्वीपेक्षा अधिक बिघडतात. पहिला शास्ता अथनिएल याची गोष्ट या साच्याचा नमुना म्हणावी इतकी आखीव आहे. आठ वर्षांचा जुलूम, परमेश्वराच्या आत्म्याचा संचार, युद्ध, विजय आणि चाळीस वर्षांची शांतता एवढेच तिच्यात आहे. पुढच्या गोष्टी रंजक होत जातात, कारण त्या या साच्यात नीट मावत नाहीत.

ईश्वरी नेमणूक प्रत्येक वेळी वेगळ्या रीतीने होते, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. अथनिएल, गिदोन, इफ्ताह आणि शमशोन यांच्यावर परमेश्वराचा आत्मा आला असे स्पष्ट म्हटले आहे. गिदोनाला देवदूत भेटतो, शमशोनाची निवड जन्मापूर्वीच होते, बाराकाला एका संदेष्ट्रीकडून आज्ञा मिळते. इफ्ताहाच्या बाबतीत तर यरदन नदीपलीकडच्या गिलाद प्रदेशाचे वडीलधारे स्वतः जाऊन त्याच्याशी सौदा करतात आणि आत्म्याचा उल्लेख त्यानंतर येतो. समान धागा इतकाच की निवड अनपेक्षित ठिकाणी होते. थोरला मुलगा, श्रीमंत घराणे, मोठा वंश या त्या समाजातल्या मान्य कसोट्या जवळजवळ प्रत्येक वेळी बाजूला पडतात.

एहूद हे त्याचे पहिले ठळक उदाहरण आहे. बन्यामीन या नावाचा अर्थ 'उजव्या हाताचा पुत्र' असा होतो, आणि त्याच वंशातला हा माणूस डावखुरा निघतो. मोआबचा राजा एग्लोन याने अठरा वर्षे इस्राएलला दाबून ठेवले होते. एहूद खंडणी पोहोचवण्याच्या निमित्ताने त्याच्याकडे गेला, एक हात लांबीची दुधारी तलवार त्याने उजव्या मांडीवर वस्त्राखाली बांधली होती, आणि 'तुझ्यासाठी गुप्त निरोप आहे' असे सांगून एकांत मिळवल्यावर त्याने डाव्या हाताने राजाचा कोथळा बाहेर काढला. ग्रंथ हे सारे काहीशा उग्र विनोदाने सांगतो. राजा शौचास बसला असेल असे समजून नोकर दाराबाहेर ताटकळत राहतात, हा तपशील त्याने मुद्दाम ठेवला आहे. त्यानंतर देशाला ऐंशी वर्षे शांतता लाभली, आणि एवढा दीर्घ काळ अन्य कोणाच्याही वाट्याला आलेला नाही.

दबोरा मात्र वेगळ्या जातकुळीची आहे. एफ्राईमच्या डोंगराळ प्रदेशात रामा आणि बेथेल यांच्या दरम्यान एका खजुरीच्या झाडाखाली ती बसत असे आणि इस्राएली लोक निवाड्यासाठी तिच्याकडे जात. ती संदेष्ट्री होती आणि युद्ध सुरू होण्यापूर्वीच तिचा अधिकार मान्य झालेला होता. इतरांना तो युद्ध जिंकून मिळवावा लागला. हासोरचा राजा याबीन याच्या सेनापतीकडे, म्हणजे सीसराकडे, लोखंडाचे नऊशे रथ होते आणि वीस वर्षे त्याची दहशत होती. दबोरेने नफताली वंशातल्या बाराकाला दहा हजार माणसे घेऊन ताबोर डोंगरावर जाण्याचा परमेश्वराचा आदेश सांगितला. 'तू बरोबर येशील तरच जाईन,' असे बाराक म्हणाला, तेव्हा तिने उत्तर दिले की ती येईल, परंतु या मोहिमेचा मान त्याला मिळणार नाही, कारण परमेश्वर सीसराला एका स्त्रीच्या हाती देईल. ही स्त्री म्हणजे दबोरा स्वतः असावी असे वाचकाला वाटते. पण पळून आलेल्या सीसराला तंबूत आसरा देऊन, दूध पाजून, तो झोपल्यावर त्याच्या कानशिलात मेख ठोकते ती याएल.

या युद्धावरचे दबोरेचे गीत पाचव्या अध्यायात आहे आणि हिब्रू काव्याच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक म्हणून अनेक अभ्यासक त्याकडे पाहतात. किशोन नदीला पूर आला आणि रथ निरुपयोगी झाले, असे चित्र त्यातून उभे राहते. शास्त्यांच्या अधिकाराची मर्यादा समजण्यासाठी मात्र त्या गीतातली हजेरी वाचावी. एफ्राईम, बन्यामीन, जबुलून, इस्साखार, नफताली आले म्हणून त्यांचे कौतुक आहे. रऊबेन मेंढवाड्यात बसून विचारच करत राहिला, गिलाद यरदनेपलीकडे थांबला, दान जहाजांपाशी राहिला, आशेर किनाऱ्यावरून हलला नाही, म्हणून त्यांना टोमणे आहेत. आणि यहूदाचे तर नावच नाही. न आलेल्यांना शिक्षा करण्याचे कोणतेही साधन दबोरेकडे नव्हते. शास्ता हाक देऊ शकत असे, सक्ती करू शकत नसे.

गिदोनाच्या गोष्टीत ईश्वरी नेमणुकीचा विचार सर्वांत स्पष्टपणे मांडला आहे. वाळवंटातल्या मिद्यानी टोळ्या सात वर्षे पिके लुटत होत्या. 'माझे कुळ मनश्शेत सर्वांत दुबळे आणि घरात मी सर्वांत लहान,' अशी सबब सांगणारा गिदोन लोकरीच्या कातड्यावर दोनदा खूण मागून देवाची परीक्षा घेतो. त्याच्या हाकेला बत्तीस हजार माणसे जमतात तेव्हा परमेश्वर म्हणतो की ही फारच झाली, कारण आपल्याच बळाने आपण वाचलो असे इस्राएल म्हणू लागेल. भ्यालेल्यांना परत पाठवल्यावर दहा हजार उरतात आणि पाणी पिण्याच्या पद्धतीवरून आणखी गाळणी झाल्यावर तीनशे. हे तीनशे जण रात्री शिंगे फुंकून, मडकी फोडून आणि मशाली पेटवून छावणीत एवढा गोंधळ उडवतात की मिद्यानी एकमेकांवरच तलवारी चालवतात.

विजयानंतर लोक त्याला म्हणाले की तू, तुझा मुलगा आणि तुझा नातू आमच्यावर राज्य करा. गिदोनाने नकार दिला आणि परमेश्वरच तुमच्यावर राज्य करील असे सांगितले. उत्तर निर्दोष होते; वागणे तितकेसे नव्हते. त्याने लुटीतल्या कुंडलांचे सतराशे शेकेल सोने मागून घेतले आणि त्याचा एफोद, म्हणजे याजकाचे पवित्र वस्त्र मानली जाणारी वस्तू, आपल्या गावी स्थापली. लोक तिचीच पूजा करू लागले. त्याला अनेक बायका आणि सत्तर मुलगे होते, आणि उपपत्नीपासून झालेल्या मुलाचे नाव अबीमलेख, म्हणजे 'माझा बाप राजा', असे होते. या अबीमलेखाने बापाच्या गावी, ओफ्रा येथे, भावांना एकाच दगडावर मारले आणि शखेम येथे स्वतःला राजा करवून घेतले. धाकटा योथाम तेवढा निसटला. त्याने गरिज्जीम डोंगरावरून झाडांची गोष्ट सांगितली, ती अशी की जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल यांनी आपले फळ सोडून राजा होण्यास नकार दिला, आणि शेवटी काटेरी झुडूप तेवढे तयार झाले. अबीमलेखाची सत्ता तीन वर्षे टिकली आणि वेढ्याच्या वेळी बुरुजावरून एका स्त्रीने टाकलेल्या जात्याच्या तळीने त्याचे डोके फुटले. त्याला कोणी नेमले नव्हते, त्याच्यावर आत्मा आला नव्हता, आणि ग्रंथ त्याला शास्त्यांत मोजत नाही.

तोला, याईर, इब्सान, एलोन आणि अब्दोन यांच्या वाट्याला प्रत्येकी दोन-तीन वाक्येच येतात. त्यांच्याबद्दल युद्धकथा नाहीत. किती वर्षे न्याय केला, किती मुले होती, कोठे पुरले, एवढीच नोंद आहे. तीस मुलगे तीस गाढवांवर बसत, हा याईरविषयीचा तपशील श्रीमंतीचा निदर्शक आहे. हे लोक लढवय्ये सोडवणारे नसून स्थानिक कारभारी असावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि म्हणूनच मोठे शास्ते आणि छोटे शास्ते अशी विभागणी प्रचलित झाली. मार्टिन नोथ या जर्मन अभ्यासकाने १९३० मध्ये, बारा वंशांचा एका पवित्रस्थानाभोवती संघ होता आणि छोटे शास्ते हे त्या संघाचे कायदेविषयक अधिकारी होते, असे मांडले होते. त्या संघाची कल्पना आता फारशी मान्य नाही, परंतु विभागणी टिकली आहे.

इफ्ताह दोन्ही गटांत बसतो. वेश्येचा मुलगा म्हणून भावांनी हाकललेला हा माणूस अम्मोनी चालून आल्यावर त्याच वडीलधाऱ्यांना हवासा वाटला. युद्धाला निघताना त्याने नवस केला की, विजयी होऊन परतल्यावर घराच्या दारातून जे प्रथम सामोरे येईल ते होम म्हणून अर्पण करीन. आणि सामोरी आली त्याची एकुलती एक मुलगी, डफ वाजवत. आत्मा त्याच्यावर आधीच आला होता, नवसाची मागणी कोणी केली नव्हती, आणि ग्रंथकार त्याचा निषेधही करत नाही. हा अबोलपणा शतकानुशतके वाचकांना अस्वस्थ करत आला आहे. पुढे एफ्राईमशी भाऊबंदकी पेटली तेव्हा इफ्ताहाच्या माणसांनी यरदनेचे उतार धरले आणि येणाऱ्या प्रत्येकाला 'शिब्बोलेथ' म्हणायला लावले. एफ्राईमी लोकांना 'श' उच्चारता येत नसे, ते 'सिब्बोलेथ' म्हणत आणि मारले जात. ग्रंथानुसार मेलेल्यांचा आकडा बेचाळीस हजार होता. परक्यांपासून सोडवण्यासाठी उभा केलेला माणूस येथे आपल्याच लोकांना मारतो आहे.

शमशोनाने तर सैन्यच जमवले नाही. तो जन्मापासून नाजीर, म्हणजे देवाला वाहिलेला, होता. त्याने द्राक्षारस पिऊ नये, प्रेताला शिवू नये, केस कापू नयेत, असे व्रत अपेक्षित होते. सिंहाच्या मढ्यातला मध खाऊन आणि पुढे प्रेयसी दलीला हिला आपले बळ केसांत असल्याचे गुपित सांगून त्याने ते मोडले. त्याच्या लढाया वैयक्तिक सूडाच्या होत्या. ते गुपित काढून घेण्यासाठी दलीलेला प्रत्येक पलिष्टी सरदाराने अकराशे रुपये कबूल केले होते, असे मराठी बायबलच्या भाषेत म्हणता येईल. मूळात चांदीची नाणी नसून तोललेली चांदी अभिप्रेत आहे. पलिष्ट्यांनी डोळे फोडल्यामुळे आंधळा झालेला शमशोन गज्जा येथील दागोन या त्यांच्या देवाच्या मंदिराचे खांब पाडून शत्रूंसह मेला. त्याने पलिष्ट्यांपासून सुटकेची सुरुवात करावी एवढेच देवदूताने सांगितले होते, आणि तेवढेच घडले.

या कथांना इतिहास म्हणून कितपत घ्यावे, याचे एक गमक ग्रंथातच आहे. जुलमाची आणि शांततेची सर्व वर्षे ओळीने मिळवली तर बेरीज ४१० होते, आणि ती उपलब्ध दोन शतकांत बसत नाही. शास्ते एकामागून एक आले नसून वेगवेगळ्या भागांत, काही वेळा एकाच काळात होऊन गेले असावेत, आणि 'सर्व इस्राएल' ही चौकट नंतरच्या संपादकांनी घातली असावी, असे मानले जाते. चाळीस आणि ऐंशी हे आकडे पिढीची रूढ मोजमापे आहेत. खिर्बेत अर्-राई या ठिकाणी सापडलेल्या सुमारे इ.स.पू. ११०० च्या एका भांड्यावर शाईने लिहिलेले 'यरुब्बाल' हे नाव २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. हे गिदोनाचे दुसरे नाव होते. भांडे त्याचेच होते असे त्यावरून म्हणता येत नाही, परंतु असे नाव त्या काळात प्रचलित होते एवढे दिसते. समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर याने वंशपरंपरेवर किंवा नियमांवर न टिकणारी, व्यक्तीच्या दैवी मानल्या गेलेल्या सामर्थ्यावर टिकणारी सत्ता समजावताना याच शास्त्यांकडे बोट दाखवले होते.

अशी सत्ता पुढच्या पिढीकडे देता येत नाही, आणि व्यवस्था तेथेच मोडली. शिलोचा याजक एली याने चाळीस वर्षे न्याय केला, पण त्याचे मुलगे यज्ञातले मांस हिसकावत. त्यानंतरचा शमुवेल हा शेवटचा शास्ता होता. (कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल समाजात हे नाव 'सामाजी' झाले, मुंबईत १७९६ मध्ये या समाजाचे पहिले प्रार्थनास्थळ बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर यांच्या नावात तो शास्ता असा मराठी वेशात भेटतो.) शमुवेल दरवर्षी बेथेल, गिलगाल आणि मिस्पा अशी फेरी करून निवाडे देई आणि रामा येथे घरी परते. म्हातारपणी त्याने आपल्या योएल आणि अबीया या मुलांना बैर-शेबा येथे न्याय करण्यास बसवले, म्हणजे जे पद मुलाला देता येत नाही ते दिले, आणि ती मुले लाच खाऊ लागली. तेव्हा वडीलधारे त्याच्याकडे आले आणि इतर राष्ट्रांप्रमाणे आम्हालाही राजा दे म्हणाले. परमेश्वराने शमुवेलाला सांगितले की त्यांनी तुला नव्हे, मला नाकारले आहे.

शमुवेलाने राजा कसा असेल ते लोकांना ऐकवले. तो तुमचे मुलगे रथांसाठी घेईल, मुली स्वयंपाकासाठी घेईल, शेते आणि द्राक्षमळे घेईल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल, गाढवे घेईल. लोकांनी ऐकले नाही आणि शौल राजा झाला. त्यानंतर पिकलेल्या केसांचा शमुवेल सर्वांसमोर उभा राहिला, माझे मुलगे तुमच्यातच आहेत एवढाच त्यांचा उल्लेख त्याने केला, आणि विचारले : मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणाच्या हातून लाच घेतली, ते आता माझ्या तोंडावर सांगा. लोक म्हणाले, तू कोणाच्याही हातून काहीही घेतलेले नाहीस.